इटलीचा मुत्सद्दी : काउंट कावूर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, अशी संपादक-भगिनींची सूचना होती. ती मोडून मी एका पुरुषाचे चरित्र घेऊन आले आहे. तेही परदेशी आणि आजन्म अविवाहित राहिलेल्या पुरुषाचे. त्याचा आपल्याशी संबंध काय, हे लेख संपेपर्यंत वाचक-भगिनींच्या ध्यानी यावे अशी आशा आहे.

इटलीच्या एकीकरणाची कथा आपल्याकडे नवी नाही. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, तेव्हापासून मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे मराठी घरांत अपरिचित राहिली नाहीत. एकाने राष्ट्राचे स्वप्न पाहिले, दुसऱ्याने तलवार चालविली. तिसरे नाव कावूरचे. ते आपण शाळेत परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. त्याचे कारण उघड आहे. त्याच्या अंगावर गॅरिबाल्डीचा लाल सदरा नव्हता, की मॅझिनीसारखा अज्ञातवास त्याच्या वाट्याला आला नव्हता. ठेंगणा, स्थूल, डोळ्यांना चष्मा आणि आनंद झाला की हातावर हात चोळण्याची सवय, असा हा गृहस्थ. जमाखर्च, तहनामे आणि सभागृहातील मतांची बेरीज-वजाबाकी यांत त्याचे आयुष्य गेले. अशा माणसाचे पोवाडे होत नाहीत. परंतु राजाच्या हुकमाने राज्य चालावे की लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, या प्रश्नाशी तो जन्मभर झगडला, आणि तो प्रश्न काही इटलीपुरता नाही.

कामिल्लो कावूर याचा जन्म १० ऑगस्ट १८१० रोजी तूरीन शहरी झाला. तेव्हा तूरीन नेपोलियनच्या साम्राज्यात होते, आणि नेपोलियनची बहीण पोलीन व तिचा पती कामिल्लो बोर्गेझे यांनी या मुलाचे धर्माचे आईबाप होण्याचे मान्य केले. नावही त्यावरूनच पडले. आजी फिलिपिना ही पोलीनच्या दरबारात मानकरीण होती. आई अदेल ही जिनीव्हाच्या प्रॉटेस्टंट घराण्यातली, पुढे कॅथलिक झालेली. घरात बोलणे फ्रेंचमध्ये. ज्याने इटली एक केली, त्याची इटालियन भाषा शेवटपर्यंत थोडी अडखळतच राहिली!

१८१५ साली नेपोलियन पडला आणि इटलीचे पुन्हा तुकडे झाले. लाँबर्डी व व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, मध्यभाग पोपकडे, दक्षिणेत नेपल्स आणि सिसिली बूर्बाँ राजांकडे, मधूनमधून लहान संस्थाने. वायव्येच्या कोपऱ्यात सार्डिनियाचे राज्य होते. त्याचा मुख्य प्रांत पीडमाँट आणि राजधानी तूरीन. राजघराणे सॅव्हॉयचे. आपल्या कथेतले राजे ते हेच.

कावूर धाकटा मुलगा. जहागीर आणि किताब थोरल्या गुस्ताव्होला मिळायचा, म्हणून धाकट्याला दहाव्या वर्षीच लष्करी विद्यालयात घातले. पुढे राजपुत्राचा सेवक-बालक म्हणून नेमणूक झाली. पण हुजऱ्याचा तो पोशाख त्याला मनस्वी आवडेना आणि तो तसे बोलूनही दाखवी. स्थापत्य शाखेत अधिकारी झाला. पण उदार मते मोकळेपणी मांडणाऱ्या तरुणाला त्या सैन्यात जागा नव्हती. १८३१ साली त्याने राजीनामा दिला.

नंतरची पंधरा-सोळा वर्षे शेतीची. लेरी येथे घराण्याची मोठी भातशेती होती. भात म्हटले की आपल्याला कोकण आठवते, पण उत्तर इटलीतही पाटाच्या पाण्यावर मैलोगणती भातखाचरे आहेत. पहाटे उठून हा काउंटाचा मुलगा बांधावर जाई, खते आणि यंत्रे मागवी, हिशेब स्वतः तपाशी. त्याच्या मृत्यूनंतर १८६३ ते १८६६ मध्ये त्या मुलखात जो मोठा कालवा खणला गेला, त्याला त्याचेच नाव दिलेले आहे. ग्रिंझाने गावाचा तो कित्येक वर्षे नगराध्यक्ष होता. मधूनमधून पॅरिस आणि लंडनच्या वाऱ्या करी. लंडनला गेला की हाउस ऑफ कॉमन्सच्या सज्जात तासन् तास बसून वादविवाद ऐके. मंत्र्यांना भर सभेत जाब विचारला जातो, ते उत्तर देतात, आणि बहुमत गेले की खुर्ची सोडून घरी जातात, ही गोष्ट त्याने तेथे डोळ्यांनी पाहिली. पत्त्यांचा जुगारही तो खेळे; तो त्याच्या स्वभावातच होता आणि पुढे राजकारणातही दिसला.

याच काळातली एक गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. मला ती ओझरती सांगवत नाही. जिनोव्हात असताना आन्ना ज्युस्तिनियानी या विवाहित, बुद्धिमती स्त्रीशी त्याचा स्नेह जडला. घरची मंडळी तिला नीना म्हणत. ती विचाराने प्रजासत्ताकवादी होती. तिच्या दिवाणखान्यात देशाच्या मुक्ततेची स्वप्ने पाहणारे तरुण जमत. कावूरने तिच्यावर काही दिवस मनापासून प्रेम केले आणि मग तो दूर झाला. तिचे प्रेम दूर झाले नाही. वर्षानुवर्षे ती पत्रे लिहीत राहिली. १८४१ साली तिने खिडकीतून उडी टाकून प्राण दिले. कावूरने पुढे कधी लग्न केले नाही. त्यात पश्चात्ताप किती आणि सोय किती, हे ठरविणे आपल्या हाती नाही; पण माणसांना उपयोगापुरते जवळ करण्याची ही सवय त्याच्या चरित्रात पुन्हा एकदा भेटणार आहे, म्हणून येथे सांगितली.

१८४७ च्या अखेरीस राजा चार्ल्स आल्बर्टने वृत्तपत्रांवरील बंधने सैल केली आणि कावूरने काही मित्रांसह स्वतःचे वृत्तपत्र काढले. त्याचे नाव रिसॉर्जिमेंतो, म्हणजे पुनरुत्थान. त्या साऱ्या युगालाच पुढे तेच नाव पडले. १८४८ च्या जानेवारीत तूरीनच्या पत्रकारांची बैठक भरली. राजाकडे कोणत्या सुधारणा मागाव्यात, असा विषय होता. इतर जण लहानसहान गोष्टींवर अडले असता कावूरने थेट राज्यघटना मागावी असे सुचविले. जहागीरदाराच्या मुलाकडून असे काही येईल ही अपेक्षा कोणालाच नव्हती.

युरोपात त्या वर्षी क्रांतीचे वारे सुटले होते. ४ मार्च १८४८ रोजी राजाने घटना दिली. दिली हा शब्द मी मुद्दाम वापरते. ती लोकांच्या प्रतिनिधींनी तयार केली नव्हती. राजाने आपल्या हुकमाने ती बहाल केली. एकूण ८४ कलमे. कायद्याला दोन्ही सभागृहांची आणि राजाची संमती हवी, आणि सभागृहांच्या मंजुरीवाचून कर बसवता येणार नाही, एवढे लोकांच्या पदरात पडले. परंतु कार्यकारी सत्ता एकट्या राजाची. मंत्री नेमायचे त्याने, काढायचे त्याने. युद्ध आणि तह त्याच्या हाती. सेनेटचे सभासद तहहयात तोच नेमणार. मंत्र्यांना प्रतिनिधिगृहाचा विश्वास हवा, असे एकही कलम त्यात नव्हते. मताचा अधिकार पंचवीस वर्षांवरील, साक्षर आणि ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांना. स्त्रियांचा प्रश्न कोणी काढलाही नाही. तरी त्याच वर्षी राजाज्ञेने प्रॉटेस्टंट व्हाल्देन्सी पंथीयांना आणि नंतर ज्यूंना नागरी हक्क मिळाले, हे राजाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

लागलीच ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले. मे महिन्यात गोइतोच्या लढाईत कावूरचा तरुण पुतण्या ऑगुस्तो पडला. त्याचा रक्ताने माखलेला गणवेश कावूरने काचेच्या पेटीत घालून जन्मभर आपल्या निजायच्या खोलीत ठेवला. ज्याला सारे जग थंड रक्ताचा हिशेबी माणूस म्हणत होते, त्याच्या खोलीत ही पेटी होती! १८४९ च्या मार्चमध्ये नोव्हारा येथे पुरा पराभव झाला. चार्ल्स आल्बर्टने राज्यत्याग केला आणि व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा गादीवर आला.

पराभवानंतरचा तह प्रतिनिधिगृह मान्य करीना. तेव्हा नव्या राजाने सभागृह बरखास्त केले आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये मोंकालिएरी येथून जाहीरनामा काढून मतदारांना बजावले की शहाणी माणसे निवडून द्या, नाहीतर परिणामांची जबाबदारी माझी नाही. मुख्य प्रधान आझेल्यो याने तो मजकूर तयार केला होता. मतदारांनी ऐकले, नेमस्त लोक निवडून आले, तह मंजूर झाला आणि घटना वाचली. मात्र ती वाचविण्यासाठी राजाला दटावणी द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. इटलीतील इतर सर्व राजांनी त्या सुमारास दिलेल्या घटना परत घेतल्या; पीडमाँटची तेवढी टिकली.

१८५० साली सिक्कार्दी या मंत्र्याच्या कायद्याने धर्मगुरूंची स्वतंत्र न्यायालये बंद झाली. त्या वेळच्या भाषणाने कावूरचे नाव झाले. पुढे ऑगस्टमध्ये व्यापारमंत्री सांतारोझा मृत्युशय्येवर असता, त्याने या कायद्याला पाठिंबा दिला म्हणून धर्माधिकाऱ्यांनी त्याला अंत्यसंस्कार नाकारले. त्याच्या पत्नीची तळमळ कावूरने जवळून पाहिली. सांतारोझाची जागा कावूरला मिळाली. मंत्री होताना त्याने काय मनाशी ठरवले असेल ते असो. अकरा वर्षांनी स्वतःच्या मरणाच्या वेळी तो हा प्रसंग विसरला नव्हता.

अर्थखातेही लवकरच त्याच्याकडे आले. त्याने जकाती उतरविल्या, परदेशांशी करार केले, रेल्वे वाढविली. पण सभागृहात त्याचा पक्ष दुबळा होता. उजवीकडचे जुन्या राजवटीकडे ओढत, डावीकडचे क्रांतीकडे. १८५२ च्या फेब्रुवारीत त्याने कोणास न विचारता, मुख्य प्रधान आझेल्योलाही न सांगता, डाव्या बाजूच्या नेमस्तांचा पुढारी रात्ताझी याच्याशी जुळवून घेतले. विरोधकांनी या युतीला कुचेष्टेने लग्न म्हटले आणि तेच नाव इतिहासात राहिले. आझेल्योशी हे वर्तन सरळ नव्हते. परंतु यातूनच सभागृहात मधला पक्का बहुमताचा गट उभा राहिला, आणि ४ नोव्हेंबर १८५२ रोजी कावूर मुख्य प्रधान झाला. राजाला तो कधीच आवडला नाही. राजाला शिकार, घोडे आणि सैन्य प्रिय. हा वृत्तपत्रवाला सारखा आकडे दाखवी.

या दोघांची खरी परीक्षा १८५५ साली झाली. जे मठ अध्यापन, धर्मोपदेश किंवा रुग्णसेवा करीत नाहीत ते बंद करून त्यांचे उत्पन्न गरीब धर्मगुरूंच्या वेतनाकडे वळवावे, असे विधेयक कावूरने आणले होते. मुलींना शिकविणाऱ्या आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींच्या संस्थांना त्यात धक्का नव्हता. पण त्याच जानेवारी-फेब्रुवारीत राजाची आई, पत्नी आणि भाऊ अवघ्या महिन्याभरात एकामागून एक वारले. राणी मारिया आदेलाइद बाळंतपणानंतर गेली, वय ३२. हा देवाचा कोप आहे, असे राजाच्या कानी येऊ लागले. दुःखाने खचलेल्या माणसाला हे किती खरे वाटले असेल, हे आपण समजू शकतो. एप्रिलमध्ये सेनेटचे सभासद बिशप कालाबियाना यांनी सुचविले की विधेयक मागे घ्यावे, त्यातून मिळणारी सुमारे ९ लाख लिरांची रक्कम धर्मसंस्था स्वतः भरील. राजा आतून अनुकूल होता. कावूरने तत्काळ राजीनामा दिला.

घटनेचा कागद पाहिला तर राजाचा हक्क निर्विवाद होता. त्याने दुसरे मंत्री नेमायचा प्रयत्न केला. पण प्रतिनिधिगृहात त्यांच्या मागे कोण उभे राहणार? आठवडा गेला, मंत्रिमंडळ बनेना. आझेल्योने, म्हणजे ज्याला कावूरने खाली खेचले त्यानेच, राजाला कळकळीचे पत्र लिहून परत फिरविले. ४ मे रोजी कावूर परत आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला थोड्या दुरुस्त्यांसह कायदा झाला. घटनेचे एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ त्या आठवड्यात बदलला. सभागृहाला नको असलेला मंत्री राजाला ठेवता येत नाही आणि हवा असलेला सहज काढता येत नाही, असा पायंडा पडला. पण पायंडा तो पायंडा. तो कागदावर उतरविण्याचे कोणी मनावर घेतले नाही, कावूरनेही नाही. मला ही त्याची मोठी चूक वाटते.

त्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूने पीडमाँटचे १५ हजारांवर सैन्य क्रिमियात गेले. रणांगणापेक्षा पटकीनेच तेथे किती तरी अधिक माणसे दगावली. मोबदल्यात १८५६ च्या पॅरिस परिषदेत इटलीचा प्रश्न मांडायला मिळाला. जमिनीचा तुकडा मिळाला नाही.

१८५८ च्या जुलैत कावूर गुपचूप प्लोंबिएर या फ्रान्समधील स्नानाच्या गावी तिसऱ्या नेपोलियनला भेटला. ऑस्ट्रियाला युद्धात ओढायचे, फ्रान्सने मदत करायची आणि त्याबदली सॅव्हॉय व नीस फ्रान्सला द्यायचे, असे ठरले. पार्लमेंटला याची वार्ता नव्हती. बोलणे झाल्यावर बादशहाने बग्गीतून फिरताना आणखी एक मागणी काढली : राजाची कन्या क्लोतिल्द हिचा विवाह आपला चुलतभाऊ राजपुत्र नेपोलियन याच्याशी व्हावा. मुलगी पंधरा वर्षांची, भाविक, आईवेगळी. वर छत्तीस वर्षांचा, रंगेल म्हणून प्रसिद्ध, धर्माची टवाळी करणारा. राजाने निदान एवढे तरी म्हटले की मुलीवर सक्ती करणार नाही. कावूरने मात्र राजाला आर्जवाचे लांबलचक पत्र लिहून हा संबंध किती हिताचा हे पटविले. मुलीने विचार केला आणि होकार दिला. ३० जानेवारी १८५९ रोजी तूरीनला लग्न झाले.

भगिनींनो, तहाच्या कलमांत मुलगी घालण्याची चाल काही परक्यांचीच नव्हे. आपल्या इतिहासातही असे विवाह पुष्कळ आहेत. क्लोतिल्दचा संसार सुखाचा झाला नाही. पण १८७० साली फ्रान्सचे साम्राज्य कोसळले आणि राजघराण्यातली माणसे मिळेल त्या वाटेने पळाली, तेव्हा ही स्त्री उघड्या गाडीतून, दिवसाढवळ्या, ताठ मानेने पॅरिसमधून बाहेर पडली. पुढे ती मोंकालिएरीच्या वाड्यात राहिली आणि १९११ साली तेथेच वारली. इटलीच्या एकीकरणाची किंमत कोणी दिली याची यादी केली, तर तिचे नाव त्यात घालावे लागेल.

युद्ध दारात आले तेव्हा कावूरने प्रतिनिधिगृहाकडून युद्धकाळापुरते सर्व अधिकार राजाला द्यावेत असे विधेयक मागितले. २३ एप्रिल १८५९ रोजी ते प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि त्याच सायंकाळी ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता त्याच्या हाती पडला. पार्लमेंटचा कैवारी खुद्द पार्लमेंटलाच रजेवर पाठवतो, हे विचित्र दिसते. पण मुदत त्याने थोडीच धरली होती. माजेंता आणि सोल्फेरीनो येथे जय मिळाले. इतक्यात जुलैत नेपोलियनने व्हिलाफ्रांका येथे परस्पर ऑस्ट्रियाशी तह केला : लाँबर्डी तुम्हाला, व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच. राजाने तो पत्करला. त्या रात्री कावूर राजावर इतका भडकला की मंत्र्याने राजाशी बोलण्याची रीत त्याला उरली नाही. राजीनामा फेकून तो निघून गेला.

आता रात्ताझी आणि सेनापती ला मार्मोरा यांचे मंत्रिमंडळ आले, आणि ते युद्ध संपल्यावरही त्याच विशेषाधिकारांवर चालू राहिले. पार्लमेंट भरेना. १८५९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वटहुकमांचा पाऊस पडला : प्रांत व नगरपालिकांचा कायदा, दंडसंहिता, शिक्षणाचा कायदा. मंत्री कासातीच्या नावाने ओळखला जाणारा तो शिक्षणाचा कायदा चांगला होता. गावोगाव मुलांसाठी तशाच मुलींसाठीही प्राथमिक शाळा, आणि ते शिक्षण मोफत, असे त्यात होते. पण २३ ऑक्टोबरच्या नगरपालिका-कायद्यात आणखी एक गोष्ट गुपचूप घडली. लाँबर्डीत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली करभरणाऱ्या मिळकतदार स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत, मुखत्यारामार्फत का होईना, मत देता येत असे. नव्या कायद्याने स्त्रियांना यादीतून वगळले. परक्याच्या राज्यात जे होते, ते स्वराज्यात गेले! सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही. राजाची सही झाली आणि हक्क संपला. १८६१ साली लाँबर्डीच्या काही स्त्रियांनी पार्लमेंटकडे अर्ज केला. त्याचा उपयोग झाला नाही.

कावूर लेरीच्या शेतावरून हे पाहत होता. स्त्रियांच्या मतासाठी तो तळमळला असा पुरावा नाही, आणि तसे मी म्हणणारही नाही. पण पार्लमेंटवाचून कारभार त्याला सहन होईना. जानेवारी १८६० मध्ये राजाने नाइलाजाने त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा ताबडतोब निवडणुका हव्यात ही त्याची मुख्य अट होती. मार्चमध्ये निवडणुका झाल्या. टस्कनी आणि एमिलिया या प्रांतांत लोकमत घेऊन ते राजाज्ञेने जोडण्यात आले, आणि एप्रिलमध्ये नव्या पार्लमेंटने त्यावर शिक्कामोर्तब केले.

मात्र सॅव्हॉय आणि नीस देण्याचा करार २४ मार्चलाच झाला होता. राज्याचा मुलूख कमी करायला घटनेप्रमाणे सभागृहांची संमती हवी. ती मागितली गेली सही झाल्यावर, आणि तेथील लोकमत उरकून घेतल्यावर. आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात कार्योत्तर मंजुरी हा शब्द अधूनमधून येतो. खर्च होऊन गेलेला असतो, सभा मान डोलावते. नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव. भर सभागृहात त्याने कावूरला जाब विचारला, आणि न्याय त्याच्या बाजूला होता. मते कावूरच्या बाजूला होती.

मे महिन्यात गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक घेऊन सिसिलीला उतरला आणि सप्टेंबरात नेपल्समध्ये शिरला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची तूरीनमधली कथा कमी ठाऊक आहे. गॅरिबाल्डी नेपल्सचा सर्वाधिकारी बनला होता आणि कावूरला काढून टाका असे राजाकडे मागत होता. कित्येक हितचिंतकांनी कावूरला सल्ला दिला की तुम्हीही तूर्त सर्वाधिकार हाती घ्या. कावूरने उलट २ ऑक्टोबरला पार्लमेंट बोलावले. ज्या प्रांतांतील लोक प्रत्यक्ष मतदानाने विलीन व्हायची इच्छा दाखवतील, त्यांना राजाज्ञेने सामील करून घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा, असे विधेयक त्याने मांडले. प्रतिनिधिगृहात २९० विरुद्ध ६ मतांनी ते संमत झाले. हुकूम राजाचा, पण तो काढण्याची परवानगी सभागृहाची. गॅरिबाल्डीच्या तलवारीपुढे त्याने २९० मते उभी केली, आणि गॅरिबाल्डीनेही मन मोठे करून नेपल्स राजाच्या हवाली केले. त्या वर्षाच्या अखेरीस पॅरिसमधील एका स्नेही विदुषीला लिहिलेल्या पत्रात कावूरने कळविले की सभागृहे बंद असतात तेव्हाच आपण सर्वांत दुबळे असतो.

२१ ऑक्टोबरच्या लोकमतात नेपल्सकडे १३,०२,०६४ होकार आणि १०,३१२ नकार पडले. मतदान गुप्त नव्हते. सर्वांसमक्ष होकाराची किंवा नकाराची चिठ्ठी वेगळ्या भांड्यातून उचलायची होती, तेव्हा नकार इतके थोडे का, हे कळते. १७ डिसेंबरच्या राजाज्ञांनी नेपल्स, सिसिली, मार्के आणि उंब्रिया सामील झाले. दक्षिणेत पुढे बरीच वर्षे बंडाळी आणि रक्तपात झाला. आणि ज्या कावूरने वटहुकमांविरुद्ध एवढा हट्ट धरला, त्याच्याच सरकारच्या नेपल्समधील प्रतिनिधींनी नवे पार्लमेंट भरण्याच्या आदल्या दिवशी, १७ फेब्रुवारी १८६१ रोजी, तेथील मठ बंद करणारे वटहुकूम काढले. उद्या विचारावे लागेल म्हणून आजच उरकले.

१८ फेब्रुवारीला तूरीन येथे इटलीचे पहिले पार्लमेंट भरले. २ कोटी २० लाख लोकवस्तीत मतदार ४,१८,६९६, आणि प्रत्यक्ष मत देणारे २,३९,५८३. १७ मार्च १८६१ च्या एका कलमाच्या कायद्याने व्हिक्टर इमॅन्युएलने इटलीचा राजा हा किताब धारण केला. नव्या देशाचा पहिला राजा, तरी नावापुढे दुसरा हाच अंक राहिला. काही सभासदांना ते खटकले. पुढच्या महिन्यात आणखी एक कायदा होऊन ठरले की यापुढे राजाच्या हुकमांच्या शिरोभागी देवाची कृपा आणि राष्ट्राची इच्छा या दोन्हींचा उल्लेख असावा.

राष्ट्राची इच्छा पुढे कोण बोलून दाखवणार, हे पाहायला कावूर राहिला नाही. एप्रिलमध्ये स्वयंसेवकांच्या सैन्यावरून गॅरिबाल्डीशी सभागृहात भयंकर खडाजंगी झाली. मेच्या अखेरीस ताप आला. वैद्यांनी त्या काळच्या रीतीने पुन्हा पुन्हा रक्त काढले. पुतणी ज्युझेप्पिना उशाशी बसून होती. पोपने त्याला धर्मबाह्य ठरविले होते. पण सांतारोझाची आठवण ठेवून त्याने फादर ज्याकोमो यांच्याशी पूर्वीच बोलून ठेवले होते. त्यांनी येऊन अंत्यसंस्कार केले, आणि त्याबद्दल पुढे रोमकडून शिक्षा भोगली. ६ जून १८६१ रोजी कावूर गेला. वय पन्नास. सांतेना येथे घराण्याच्या दफनभूमीत त्याला पुरले, पुतण्या ऑगुस्तोशेजारी.

१८६६ साली व्हेनिस आणि १८७० साली रोम इटलीला मिळाले. राजाने दिलेली ती घटना मात्र तशीच राहिली. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून आले, तेव्हा मंत्रिमंडळाने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. कावूरच्या राजाचा नातू तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही नाकारली आणि मुसोलिनीला बोलावून मंत्रिमंडळ बनवायला सांगितले. प्रतिनिधिगृहात मुसोलिनीच्या पक्षाचे जेमतेम पस्तीस सभासद होते. पण मंत्री नेमण्याचा हक्क राजाचा, हे कागदावर जसेच्या तसे होते. वीस वर्षांनी, जुलै १९४३ मध्ये, त्याच हक्काने त्याच राजाने त्याला काढले.

१ फेब्रुवारी १९४५ रोजी, देश अर्धा युद्धात आणि पार्लमेंट अस्तित्वातच नसताना, राजपुत्र उंबेर्तोच्या सहीने एक हुकूम निघाला आणि इटलीतील स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क त्यात लिहायचा राहून गेला होता. तो मार्च १९४६ मध्ये दुसऱ्या हुकमाने द्यावा लागला. २ जून १९४६ रोजी स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने राष्ट्रीय मतदान केले. राजेशाही गेली. घटना बनविण्यासाठी निवडलेल्या ५५६ सभासदांत २१ स्त्रिया होत्या, आणि मसुदा करणाऱ्या ७५ जणांच्या समितीत पाच. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या त्या घटनेच्या ७७ व्या कलमाप्रमाणे सरकारने निकडीच्या वेळी वटहुकूम काढला, तर तो त्याच दिवशी सभागृहांपुढे ठेवावा लागतो, आणि साठ दिवसांत त्यांनी त्याचा कायदा केला नाही, तर तो मुळापासून रद्द होतो.